सतरा गुणिले अठरा

बुधवार उजाडला तरी शनिवार रात्रीचा तो सूटवाला माणूस डोक्यातून जात नाहीये. दात घासताना, कांदा चिरताना, वर्गात पोरांकडून 'ॲपल, ॲपल' म्हणून घेताना मधेच आठवतो आणि परत कानशिलं तापतात.

तर मी जपानात इंग्रजी शिकवतो, राहतो टोकियोच्या बाहेर ओमियाजवळ. शाळेतल्या कॅनडावाल्या आणि ऑस्ट्रेलियावाल्या मास्तरांनी ठरवलं की टोकियोतल्या शिबुयाला क्लबात जायचं, रात्रभर. आता हे 'रात्रभर' हौसेचं नसतं, नाइलाजाचं असतं. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास निघून जाते, पहिली पहाटे पाचच्या आगेमागे, आणि मधे घरी जायचं म्हटलं तर टॅक्सी, तीही रात्री दहा ते पहाटे पाच वीस टक्के जास्त भाड्याने. शिबुया ते ओमिया म्हणजे दहा हजारांच्या वर येन डोळ्यांदेखत गेले, तेवढ्यात माझा महिन्याचा किराणा होतो. म्हणजे एकदा आत शिरलात की पाचपर्यंत सक्तमजुरी.

गंमत म्हणजे काही वर्षांपूर्वी यातून कायद्यानेच सुटका झाली असती. इथे 1948 चा एक कायदा होता, त्यात मध्यरात्रीनंतर, फार तर एकनंतर, गिऱ्हाइकांना नाचू द्यायला बंदी. क्लबात 'नाचू नये' अशा पाट्या असायच्या म्हणे, आपल्याकडे 'येथे थुंकू नये' असतात तशा, आणि पाळायचेही बहुतेक तेवढंच. 2016 मध्ये ही बंदी उठली, पण अट घातली की परवाना घ्या आणि उजेड 10 लक्सपेक्षा जास्त ठेवा. सिनेमा सुरू व्हायच्या आधी थिएटरात असतो ना, साधारण तेवढा उजेड. तो मोजतं कोण हा प्रश्न मला रात्री दोन वाजता फार छळत होता कारण मला दुसरं कामच नव्हतं. लॉकर सगळे भरलेले, त्यामुळे चौघांच्या बॅगा आणि जॅकेटं घेऊन मी कोपऱ्यातल्या सोफ्यावर. मंगलाष्टकं चालू असताना सगळ्यांच्या पर्स मांडीवर घेऊन बसलेली आत्या असते ना, ती मी. 'तू तसाही नाचत नाहीस' असं म्हणून गेले हरामखोर. मला कोणी विचारलं होतं? गणपतीत नाचतो मी, तासन्‌तास.

तर शेजारी हा सूटवाला. पन्नाशीचा, टाय सैल, हातात हायबॉल, म्हणजे व्हिस्की-सोडा. ऑफिसातली ज्युनियर पोरं याला इथे घेऊन आली आणि टाकून पळाली असावीत. बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाला, "इंडो?"

इंडो म्हणजे भारत आणि हाय म्हणजे हो. मी म्हटलं, "हाय. इंडो."

"आय-टी?"

"नो. इंग्लिश टीचर."

यावर तो गप्प. एवढा वेळ गप्प की डीजेने मधे गाणं बदललं. मग अगदी हळुवार, कोणी वारल्याचं विचारावं तसं, "इंग्लिश... फ्रॉम इंडिया?" आणि मग एकदम आशेने, "निशिकासाई?" निशिकासाई म्हणजे टोकियोतली भारतीय वस्तीची जागा, आयटीवाल्यांची. नाही म्हटल्यावर त्याने शेवटचा पत्ता टाकला. "नाइन्टीन, नाइन्टीन?"

मला आधी वय विचारतोय असं वाटलं. मग लक्षात आलं. 2007 च्या आसपास इकडे भारतीय पद्धतीच्या गणिताची लाटच आली होती, पुस्तकंच्या पुस्तकं निघाली, आणि तेव्हापासून बऱ्याच जणांची ठाम समजूत आहे की भारतात पोरांना 19 गुणिले 19 पर्यंत पाढे पाठ असतात. आता आपण तीसपर्यंत पाढे पाठ केलेली माणसं, पण आपली गाडी 'दाहे'ला थांबते हो. सतरा दाहे सत्तरासे, उतरा खाली. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, अडीचकी सगळं यायचं, ते असते तर त्यांनी त्याच सोफ्यावर क्लास काढला असता. मी आपलं मनात एकोणीस वीसे तीनशे ऐंशी, वजा एकोणीस, आणि सांगितलं थ्री सिक्स्टी वन.

त्याने फोनवर गुणाकार केला. आणि असा ओरडला की डीजे लाजला. "सुगोई!" म्हणजे कमाल! "आय ॲम व्हेरी एक्सायटिंग!"

"एक्सायटेड," माझ्या तोंडून गेलंच. सवय. पण त्याने ते ऐकूनही घेतलं नाही. याच चुकीसाठी शाळा लोकांकडून चाळीस मिनिटांचे पैसे घेते आणि मी इथे फुकट देत होतो, पण मास्तर म्हणून माझ्याकडे बघतंय कोण. तो हाका मारून माणसं गोळा करत होता. सहा-सात जण आले. सोळा एकोणीस, तीनशे चार. टाळ्या. तेरा सतरा, दोनशे एकवीस. टाळ्या. एका मुलीने व्हिडिओ घेतला. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती.

मग सतरा अठरा. मी म्हटलं, थ्री ओ सिक्स.

त्याने एका हातात हायबॉल सांभाळत अंगठ्याने आकडे दाबले, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फोन फिरवून दाखवला. 323. सगळे "आss" करून हळूहळू पांगले. आणि त्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, खरोखर मायेने, आणि म्हणाला, "दाइजोबु, दाइजोबु," म्हणजे असू दे, असू दे. "यू आर इंग्लिश टीचर."

मागच्याच महिन्यात एका आईने माझ्या वर्गातून मुलगा काढून कॅनडावाल्याकडे दिला, कारण तिला 'नेटिव्ह' टीचर पाहिजे होता. हा नेटिव्ह मला स्टाफरूममध्ये प्रेझेंट परफेक्ट कुठे वापरतात ते विचारतो आणि देअर हा शब्द तीन प्रकारे लिहितो, तिन्ही चुकीच्या जागी. त्याला कोणी सतरा अठरा विचारत नाही. त्याला कोणी काहीच विचारत नाही, तो नुसता उभा राहिला की इंग्रजी झालं. असो. त्या वेळी तो 10 लक्सच्या उजेडात नाचत होता आणि त्याचं जॅकेट माझ्या मांडीवर होतं.

पहाटे बाहेर पडलो, फुटपाथवर सूटबूट घालून झोपलेली दोन माणसं ओलांडली आणि पाचच्या सुमाराला सायक्यो लाईनची कावागोएला जाणारी गाडी पकडली. सगळा डबा माना टाकून झोपलेला. मी टक्क जागा. सतरा वीसे तीनशे चाळीस, वजा चौतीस, तीनशे सहा. परत केलं. अठरा दाहे एकशे ऐंशी, अठरा साते एकशे सव्वीस, मिळून तीनशे सहा. मग 323 कुठून आलं? बोटांवर मोजलं, तिकिटाच्या यंत्रातून आलेल्या पावतीवर पेनाने लिहून काढलं. आणि ट्यूब पेटली. सतरा एकोणीस! त्या गाढवाने आठच्या जागी नऊ दाबला होता!

"नऊ दाबला रे!" मी मोठ्याने म्हणालो. समोरच्या बाईंनी एक डोळा उघडला आणि बॅग जवळ ओढली.

खिडकीबाहेर शेतं दिसत होती. ओमियाला शेतं नाहीत. ओमियाला ही गाडी जमिनीखाली थांबते, ती केव्हाच थांबून पुढे निघाली होती. दहा वाजता माझा सात वर्षांच्या पोरांचा वर्ग होता.