खुलासा : ऑडिओ सीडी माउंट झाली नाही म्हणून ड्राइव्ह बाद होत नाही

‘उबंटूवर गाण्यांची सीडी माउंट होत नसेल तर ड्राइव्हला ७७७ परवानगी द्या, तरीही जमलं नाही तर ड्राइव्ह बदला’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. त्याचं मूळ माझ्याच जुन्या पोस्टमध्ये आहे. तो सल्ला चुकला होता. (उबंटू ही लिनक्सवर आधारलेली संगणक प्रणाली. माउंट करणं म्हणजे डिस्कवरच्या फाइली फोल्डरसारख्या उघडता येतील अशी जोडणी करणं. ७७७ म्हणजे वाचायची, लिहायची, चालवायची सगळ्यांना मुभा.)

ऑडिओ सीडीवर फाइल सिस्टिमच (फाइली ठेवायची रचना) नसते. सेकंदाला ७५ सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे), प्रत्येकात २,३५२ बाइट, सगळा नुसता आवाज. माउंट करायला गेलं की ‘राँग एफएस टाइप’ (फाइल सिस्टिमचा प्रकार चुकीचा) ही तक्रार येणारच. परवा बाबांची भजनांची सीडी घातली, टर्मिनलवर हीच तक्रार. मग व्हीएलसी या प्लेअरच्या मीडिया मेनूतून ‘ओपन डिस्क’ उघडून ‘ऑडिओ सीडी’ निवडलं, आणि टाळ वाजू लागले! ड्राइव्ह तोच, परवानग्याही त्याच.

शिवाय ड्राइव्हसारख्या उपकरणांच्या नोंदी ‘डेव्ह’ (/dev) या फोल्डरमध्ये असतात आणि त्या दर बूटला नव्याने बनतात, म्हणजे ७७७ तसंही पुसलं जातं. परवानगीचीच अडचण असेल तर युजरला ‘सीडीरॉम’ (cdrom) ग्रुपमध्ये घाला आणि पुन्हा लॉगिन करा.

विकतच्या सिनेमांच्या डीव्हीडीचं दुखणं वेगळं. त्यातल्या बऱ्याच सीएसएसने (कॉपी रोखणाऱ्या सांकेतिक कुलपाने) बंद असतात. त्या चालवायला उबंटूत ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ (libdvd-pkg) हे पॅकेज टाकून नंतर त्यावर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ (dpkg-reconfigure) ही कमांड चालवावी लागते. ही दुसरी पायरी हमखास राहते.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. कुणाला आधीच पाठवला असेल तर त्यांना हा खुलासा द्या, निदान नवा ड्राइव्ह घेण्याआधी.