नानावटी खटल्यातील ज्युरी आणि सदोष निर्देश : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला आक्षेप असा, की प्रेम आहुजा यांच्या खुनाचा आरोप असलेल्या आणि नऊपैकी आठ ज्युरींनी (कौल देण्यासाठी बसवलेल्या सामान्य नागरिकांनी) निर्दोष ठरवलेल्या नौदलातील कमांडर नानावटींना उच्च न्यायालयाने, सत्र न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा समजावताना दिलेल्या निर्देशांतील तांत्रिक चुका काढून जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले, आणि लोकांच्या कौलाची ही पायमल्ली मी योग्य ठरवतो. खटल्याविषयीची आपली कळकळ मला समजते, परंतु त्या चुका तांत्रिक होत्या हे मला मुळीच मान्य नाही.

पुराव्यावरून काय घडले ते ज्युरीने ठरवायचे आणि त्याला कोणता कायदा लागू होतो ते न्यायाधीशांनी तिला समजावून सांगायचे, अशी १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची रचना होती. झटापटीत रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या चुकून सुटल्या, असा नानावटींचा बचाव होता. दंड संहितेच्या कलम ८० मधील अपघाताचा अपवाद मागणाऱ्या आरोपीवरच ती परिस्थिती दाखवून देण्याचा भार तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ ने टाकलेला होता. आणि नेमका हा भार, तसेच त्या अपवादाच्या अटी, ज्युरीला नीट सांगितल्याच गेल्या नाहीत. गोळ्या तीन झाडल्या गेल्या होत्या, आणि नुकतेच आंघोळ करून आलेल्या प्रेम आहुजांच्या अंगावरचा टॉवेल झटापटीचा दावा असूनही सुटला नव्हता. याचा अर्थ लावताना कोणी काय सिद्ध करायचे हेच ज्यांना माहीत नव्हते, त्या आठ जणांना मी दोष देत नाही, पण त्यांच्या उत्तराला कायद्यानुसार दिलेला कौलही म्हणू शकत नाही.

सदोष निर्देशांमुळे ज्युरीचा कौल रद्द होऊ शकतो, हा नियम केवळ आरोपीच्या मुळावर येत असे, असेही समजू नये. ज्युरीने दोषी ठरवलेल्या माणसाला त्या काळी अपिलात फक्त कायद्याचा मुद्दा मांडता येत असे, त्यामुळे सदोष निर्देश हाच त्याचा मोठा आधार होता. अर्थात चूक दाखवून भागत नसे. तिच्यामुळे प्रत्यक्षात न्याय बिघडला हे त्याच संहितेच्या कलम ५३७ नुसार पटवून द्यावे लागे. आपण म्हणता तशी पळवाट असती, तर ही अट कशाला घातली असती?

ज्युरीशी असहमत होऊन प्रकरण कलम ३०७ खाली उच्च न्यायालयाकडे पाठवणारे, सदोष निर्देश देणारे तेच सत्र न्यायाधीश होते, हेही आपल्या प्रतिक्रियेत सुटले आहे. पुढे उच्च न्यायालयात न्यायमूर्ती शेलत यांनी निर्देशांतील चुकांमुळे कौल दूषित ठरवून सगळा पुरावा स्वतः तपासला, तर न्यायमूर्ती नाईक यांनी कोणत्याही समंजस ज्युरीला असा कौल देताच आला नसता, या आधारावर भर दिला. यांपैकी पहिल्या मार्गाबाबत माझ्याही मनात खंत आहे : चूक निर्देशांत होती, तर योग्य निर्देश देऊन नव्या ज्युरीपुढे फेरसुनावणी व्हायला हवी होती, असे माझे मत आहे.