जनुकं चांगली निघाली म्हणून गर्भाशयमुखाची तपासणी टळत नाही

इंदुरात रामबागेपासून सुदामानगरापर्यंत मराठी बायकांच्या भिशीच्या, हळदीकुंकवाच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आनुवंशिक असतो, डीएनए दुरुस्त करणारी जनुकं बिघडलेली असली तरच होतो. घरात कुणाला नसेल तर घाबरू नका. जनुकांची चाचणी एकदाच करा. चांगली आली तर पॅप नको, लस नको, आणि वाईट आली तर पिशवी काढून मोकळ्या व्हा. मी लॅबमध्ये पॅपच्या काचा, म्हणजे गर्भाशयमुखावरून घेतलेल्या पेशी, तपासते. हे वाचून एकीनंही तपासणी पुढे ढकलली तर ते मला सहन होणार नाही, म्हणून लिहितेय.

आधी 'आनुवंशिक' म्हणण्याबद्दल. या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. १९९९ साली निरनिराळ्या देशांतले नमुने तपासले तेव्हा ९९.७ टक्क्यांत तो सापडला. हा संबंध दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ठाण मांडून बसला की खरा घात होतो. पी५३ हे प्रथिन डीएनएला इजा झाली की पेशीला विभागू देत नाही, दुरुस्तीला वेळ मिळवून देतं. विषाणूचं ई६ प्रथिन नेमकं त्यालाच नष्ट करतं. म्हणजे दुरुस्तीची जनुकं आईवडिलांकडून ठणठणीत आली असली तरी पेशी दुरुस्तीसाठी थांबतच नाही आणि चुका साचत जातात. मेसेजमध्ये हा भागच नाही.

मग जनुकांचा काहीच संबंध नाही का? आहे, पण थोडा. आई किंवा बहिणीला हा कॅन्सर झाला असेल तर धोका काहीसा वाढतो, आणि त्यातला सर्वांत ठळक धागा प्रतिकारशक्तीच्या एचएलए जनुकांशी जुळलेला दिसतो. दुरुस्तीच्या जनुकांपैकी एक्सआरसीसी१ वर पुष्कळ काम झालंय. त्यातल्या एका बदलानं काही अभ्यासांत धोका किंचित वाढलेला दिसला, काहींत अजिबात नाही. शिवाय तो बदल निरोगी माणसांतही सर्रास आढळतो. त्यावरून एकीला 'सुरक्षित' आणि दुसरीला 'धोक्यात' ठरवता येत नाही. बीआरसीए या दुरुस्तीच्याच जनुकांची गोष्ट वेगळी: त्यातला दोष स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका खरोखरच खूप वाढवतो. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषातही दुरुस्तीचीच जनुकं बिघडलेली असतात, पण तिथे भीती मोठ्या आतड्याची आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची. आजीला 'पिशवीचा कॅन्सर' होता एवढंच घरात ठाऊक असेल, तर नेमका कुठल्या भागाचा ते जुन्या कागदांत बघा आणि डॉक्टरांना सांगा.

'पॅप नको', म्हणजे तपासणीच नको, याला उत्तर उस्मानाबादेत, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, मिळालंय. तिथे ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटाची एचपीव्ही चाचणी फक्त एकदा झाली, त्यात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले; जवळपास तेवढ्याच मोठ्या, नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या गटात ६४. कुणाचीही जनुकं बघितली नव्हती. आणि जिथे लॅब नाही तिथे सौम्य ॲसिटिक ॲसिडचा बोळा गर्भाशयमुखाला लावतात, मिनिटभर थांबतात. बिघडलेल्या पेशी असल्या तर तेवढा भाग पांढरा पडतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो.

लस विषाणूला आत शिरण्याआधीच अडवते, जनुकं कुठलीही असोत. म्हणून ती ९ ते १४ वयात देणं उत्तम. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तपासणी करायचीच, कारण विषाणूचे सगळे प्रकार लशीत येत नाहीत.

पिशवी काढायचा सल्ला तर संतापजनक आहे. एक्सआरसीसी१ च्या रिपोर्टवरून कुठलीही वैद्यकीय मार्गदर्शक सूचना तसं सांगत नाही. आधीच आपल्याकडे बारीकसारीक तक्रारींवर तरुण बायकांच्या पिशव्या काढल्या जातात.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी आहे. आणि संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर पाच वर्षांचा हिशेब धरू नका, त्याच आठवड्यात दाखवा.