उडी यंत्राची, टाळ्या कुणाच्या? एका वाचकांना उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही नातवंडांचा उल्लेख केलात म्हणून काका म्हणते आहे. डिस्नेच्या कॅलिफोर्नियातल्या पार्कात स्पायडर-मॅनच्या वेशातला रोबोट छपरावरून हवेत झेपावतो, त्याबद्दल मी भरभरून लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा गणपतीतल्या हलत्या देखाव्याचाच महागडा अवतार आहे, उडतं यंत्र आणि टाळ्या घेतो माणूस, म्हणजे ही लहान मुलांची फसवणूक आहे, स्टंट करणाऱ्या कलाकारांच्या पोटावर पाय येतो, आणि गटारं साफ करायला अजून माणसं उतरत असताना एवढी बुद्धी कोलांट्यांवर खर्च करणं ही शरमेची गोष्ट आहे. शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागला. त्याच्याकडे येते, पण आधी देखाव्याचं बघू.

हलत्या देखाव्याशी तुलना लिंकनच्या बाबतीत अगदी चपखल बसते. १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात इलिनॉय राज्याच्या दालनात डिस्नेच्या लोकांनी अब्राहम लिंकनचा यांत्रिक पुतळा उभा केला. तो खुर्चीतून उठायचा आणि भाषण करायचा. पुढच्या वर्षी तो डिस्नेलँडमध्येही आला. त्याची प्रत्येक हालचाल आधी टेपवर नोंदवलेली होती आणि दर खेळाला तीच, त्याच क्रमाने व्हायची. समोर प्रेक्षक आहेत की रिकाम्या खुर्च्या, हे त्या लिंकनला कळायचं काही कारण नव्हतं. तिथे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

स्पायडर-मॅनच्या रोबोटचं तसं नाही. जून २०२१मध्ये पार्कातला ‘अ‍ॅव्हेंजर्स कॅम्पस’ हा विभाग सुरू झाला तेव्हापासून हा खेळ होतो. रोबोट दोराला लटकून झोका घेतो, नेमक्या क्षणी दोर सोडतो, जमिनीपासून सुमारे ६५ फुटांवर कोलांट्या घेतो आणि लोकांना न दिसणाऱ्या जाळ्यात जाऊन पडतो. दोर सुटला की त्याचा मार्ग ठरून गेलेला असतो, फेकलेल्या चेंडूसारखा. तो कुणालाच बदलता येत नाही, त्याला स्वतःलाही नाही. हातात राहतं फक्त गिरकीचं प्रमाण. अंग आवळून घेतलं की गिरकी वाढते, हातपाय पसरले की मंदावते. कसरतपटू आणि उंचावरून पाण्यात सूर मारणारे खेळाडू हेच करतात. पण झोका दर वेळी हुबेहूब तसाच येत नाही. वारा असतो, दोर सुटताना क्षणाचा फरक पडतो. म्हणून आपण किती वेगाने फिरतोय हे रोबोटच्या अंगातले संवेदक मोजत राहतात आणि अंग कधी उघडायचं हे तो हवेत असतानाच ठरतं. सगळा प्रकार काही सेकंदांचा. खाली रिमोट घेऊन बसलेल्या माणसाला तेवढ्या वेळात हे जमणारच नाही. लिंकन नोंदवलेलं म्हणून दाखवत होता. हा रोबोट समोर येईल त्याप्रमाणे स्वतःला सावरतो. मी हरखून गेले ती या सावरण्यावर.

आता फसवणूक. रोबोट इमारतीमागे गेला की थोड्या वेळात त्याच वेशातला जिवंत कलाकार वर दिसतो, भिंतीवरून खाली येतो आणि मुलांशी बोलतो. ही अदलाबदल लपवलेली आहे, हे खरं. पण पार्क तिथे मुलांना कोणतं वचन देतो? स्पायडर-मॅन भेटेल, एवढंच. ‘हे यंत्र विचार करतं, ते विकत घ्या’ असं तिथे कुणी सांगत नाही. नाटकात राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा असतो म्हणून आपण नाटक मंडळींवर फसवणुकीचा आरोप करत नाही.

आरोप करायचा असेल तर त्याची जागा वेगळी आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये लॉस एंजेलिसजवळ बरबँकच्या एका चित्रपट स्टुडिओत टेस्लाने मोठा समारंभ केला. ऑप्टिमस नावाचे मानवाकृती रोबोट पाहुण्यांमध्ये फिरले, त्यांना पेयं दिली, गप्पा मारल्या. हा रोबोट मुलं सांभाळेल, कुत्र्याला फिरवेल, पुढेमागे वीस-तीस हजार डॉलरना मिळेल, असं मंचावरून सांगितलं गेलं. त्या गप्पांमागे आणि हातवाऱ्यांमागे बऱ्याच अंशी दूरवर बसलेली माणसं होती, हे बाहेर आलं ते नंतर. दुरून माणसाने रोबोट चालवण्यात गैर काहीच नाही, ते स्वतःच एक कौशल्य आहे. पण ज्या गोष्टीच्या जोरावर माल खपवायचा, तीच झाकून ठेवायची, हे मला खटकतं. आणि हे आजचं नाही. १९३९च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात वेस्टिंगहाऊस कंपनीचा सात फुटी ‘इलेक्ट्रो’ तोंडी हुकमावर चालून दाखवायचा. प्रत्यक्षात त्याला शब्दांचा अर्थ कळत नव्हता. बोलण्यातले ठोके किती आणि कसे पडले, त्यावर आतल्या कळा फिरायच्या. लोक मात्र यंत्राला बोलणं समजतं असं मानून घरी गेले.

कलाकारांच्या पोटाचा प्रश्न तुम्ही कळकळीने मांडला आहे, आणि त्याला कळकळीनेच उत्तर द्यायला हवं. जून २०२२मध्ये हाच रोबोट उडी चुकून इमारतीवर आदळला. त्याची चित्रफीत जगभर फिरली. ती बघताना माझ्या मनात एकच विचार होता: हा माणूस असता तर? इतक्या उंचीवरून दोर सोडून दिवसातून अनेकदा, आठवडे न् महिने उडी मारायला कुठल्याही माणसाला सांगू नये. तिथे यंत्र आल्याने कुणाची भाकरी गेली असं मला वाटत नाही. एका माणसाच्या पाठीचा कणा वाचला, असं वाटतं. भिंतीवरून उतरण्याचं, मुलाच्या डोळ्यांत बघून त्याचं नाव विचारण्याचं काम आजही माणूसच करतो, आणि तेच काम जास्त अवघड आहे.

त्या माणसांचे खरे प्रश्न वेगळे आहेत. मे २०२४मध्ये डिस्नेलँडमधल्या पात्रं रंगवणाऱ्या आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या कलाकारांनी कामगार संघटनेसाठी मतदान केलं: ९५३ बाजूने, २५८ विरोधात. पगार, वेळापत्रक, जड वेशांमुळे होणाऱ्या दुखापती ही त्यांची गाऱ्हाणी होती. कलाकारांची काळजी असलेल्या प्रत्येकाने बोलायला हवं ते यावर. उद्या पार्काने भिंतीवरचा माणूसही काढून टाकला, तर मी तुमच्या बाजूने लिहीन.

एका बाबतीत तर आजच तुमच्या बाजूने आहे, जरी तुम्ही तो मुद्दा काढला नाहीत. जुलै २०२५मध्ये डिस्नेलँडने खुद्द वॉल्ट डिस्नेचा बोलता यांत्रिक पुतळा मंचावर आणला. शब्द त्यांच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांतले आहेत. त्यांची नात जोआना मिलर यांनी आधीच जाहीर विरोध केला होता. आजोबांचं माणूसपण यातून हिरावलं जातं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. स्पायडर-मॅन कुणाचा आजोबा नाही. गेलेल्या माणसाला विचारता येत नाही, म्हणून निदान त्याच्या माणसांच्या हरकतीला वजन हवं.

आता गटारं. ‘माणसासारखं यंत्र बनवता, मग त्याला गटारात का उतरवत नाही?’ असं तुम्ही विचारलंत. याचं उत्तर होंडा कंपनीच्या असिमो या दोन पायांवर चालणाऱ्या मानवाकृती रोबोटने देऊन ठेवलं आहे. असिमो २००० साली आला. २००५पासून दहा वर्षं डिस्नेलँडमध्ये त्याचा खेळ चालला: पायऱ्या चढणं, धावणं, चेंडूला लाथ मारणं. मग मार्च २०११मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांचा अपघात झाला आणि जपानी लोकांनी साहजिकच विचारलं, की असिमोला आत पाठवा ना! तो जाऊ शकत नव्हता. सपाट, आखून दिलेल्या मंचावर चालणं वेगळं आणि ढिगाऱ्यात, किरणोत्सर्गात काम करणं वेगळं. होंडाने पुढे असिमोसाठी विकसित केलेलं तंत्र वापरून, दुसऱ्या एका संस्थेच्या साथीने, फुकुशिमात उंचावरची पाहणी करणारं यंत्र बनवलं. २०१३मध्ये ते कामाला लागलं. त्याला डोकं नव्हतं, दोन पाय नव्हते. खाली पट्ट्यांवर चालणारी गाडी आणि वर लांब हात, बस्स.

आपल्याकडेही तेच झालं. केरळमधल्या जेनरोबोटिक्सच्या तरुणांनी २०१८मध्ये आणलेला ‘बँडिकूट’ मॅनहोलमध्ये उतरतो तो कोळ्यासारखे पाय पसरून, आणि तळातला गाळ उपसून वर आणतो. अरुंद गोल भोकात दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या शरीराचा काही उपयोग नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे गटारासाठी यंत्र आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला तिथे उतरवू नये असा कायदा २०१३पासून आहे. तरी माणसं उतरतात आणि गुदमरून मरतात. याचा जाब स्पायडर-मॅन बनवणाऱ्यांना नको विचारायला. यंत्र घेत नाहीत त्या नगरपालिकांना आणि ठेकेदारांना विचारायला हवा. तुमचा राग योग्य आहे, काका, आणि तो त्या पत्त्यावर पोचायला हवा.

म्हणून माझं मत असं झालं आहे, की मानवी आकाराची खरी गरज आज सर्वांत जास्त रंगमंचाला आहे. कामाला जो आकार सोयीचा तो यंत्राला द्यावा. पण प्रेक्षकाच्या छातीत धस्स व्हायचं असेल तर पडणारं शरीर माणसासारखंच दिसायला हवं. असा रोबोट घरी भांडी घासेल की नाही, यावर माझा आज तरी फारसा भरवसा नाही. त्याने हवेत स्वतःला सावरलं, हे मात्र माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुम्ही शेवटी विचारलंत, की पुढच्या उन्हाळ्यात नातवंडांना घेऊन आलात तर त्यांना खरं सांगावं का. मोठ्याला आधीच सांगा. उडताना कोण आणि उतरताना कोण, हे ओळखायला लावा. दोर सुटल्यावर हातपाय कधी आवळले जातात ते बघायला सांगा. धाकटीला खेळ बघून होऊ द्या, ती विचारेल तेव्हा सांगा. आणि उड्डाण कधी कधी रद्द होतं, तेव्हा सकाळच्या खेळाची वेळ आधी बघून ठेवा, म्हणजे हुकलं तरी दुपारी दुसरी संधी मिळेल.