मणक्यांमधली गादी सरकली म्हणून आईला फळीवर झोपवणाऱ्यांना

‘गादी सरकली? हे चार नियम पाळा’ असा मेसेज आमच्या वाडीच्या ग्रुपवर फिरला आणि आई फळीवर गेली. भाताच्या लावणीत तिची कंबर धरली होती, एवढंच. मी गुहागरला पोचलो तेव्हा तिचा नववा दिवस होता. उताणी पडलेली, शेजारच्या काकू पेज भरवतायत.

मेसेज सांगतो: आधी एमआरआय काढा, मग तीन महिने फळीवर सक्त विश्रांती, पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाचा पाय कमरेला लावून घ्या, ऑपरेशन कधीच नको, पाय जातात.

तीन महिने! हे कोणी ठरवलं? 1995 मध्ये हेलसिंकी शहराच्या 186 कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांची कंबर नुकती धरलेली. काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना कमरेचे व्यायाम दिले, बाकीच्यांना सांगितलं की दुखणं सोसेल तेवढी रोजची कामं करत राहा. सगळ्यात लवकर सावरले ते कामं करत राहिलेले. सगळ्यात उशिरा, झोपलेले. तिथे दोनच दिवसांची विश्रांती मागे पडली, आणि इथे माणसाला तीन महिने आडवं करताय? पडून पडून स्नायू ढिले पडतात, पुढे उठायचीच भीती बसते. आईची बसलीच होती. न्हाणीघरापर्यंत जायचं म्हटलं तरी ती रडायची.

‘पण गादीचं दुखणं वेगळं,’ काकू म्हणाल्या. पायात कळ जाणाऱ्या 183 रुग्णांवरही नेदरलँड्समध्ये अभ्यास झालाय, 1999 चा. निम्म्यांना दोन आठवडे झोपवलं, निम्म्यांना नाही. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे 87 टक्के सुधारले. झोपून काडीचाही फायदा झाला नाही.

एमआरआयचं म्हणाल, तर काहीही दुखत नसलेल्या 3,110 माणसांच्या तपासण्या 2015 मध्ये एकत्र करून पाहिल्या, तेव्हा पन्नाशीच्या सुमारे 60 टक्के लोकांत गादी फुगलेली निघाली. म्हणजे रिपोर्टात गादी दिसली, तेवढ्यावरून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. त्यासाठी आंबाघाट चढून कोल्हापूर गाठायची घाई कशाला?

पायाळूबद्दल थोडंच बोलतो. उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआप उतरते, श्रेय पायाला मिळतं. नुसता पाय टेकवला तर ठीक. हाडं ठिसूळ झालेल्या म्हातारीच्या पाठीवर भार देऊ नका, मणका दबेल.

ऑपरेशनची घाई नको, एवढं मात्र मेसेजचं मला मान्य करावं लागतं. 2007 च्या एका डच अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ आधी थांबून पाहणाऱ्यांपेक्षा लवकर थांबली, पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत 95 टक्के लोक बरे होते. ‘कधीच नको’ हे मात्र घातक आहे. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पायातलं बळ जायला लागलं, तर शेपटाकडच्या नसा दाबल्या गेल्या असू शकतात. तिथे तातडीचं ऑपरेशनच पाय आणि लघवीवरचा ताबा वाचवू शकतं. असं झालं तर त्या दिवशी एमआरआयही लगेच हवा.

आईला यातलं काही नव्हतं, डॉक्टरांकडून खात्री करून घेतली. आता ती पडवीतून विहिरीपर्यंत जाऊन येते, दुखतं तरी जाते. पण वर लिहिलेलं लक्षण तुमच्या घरात कोणाला दिसलं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी काढा.