‘सभेत बहुमताने ठरलं म्हणजे तोच कायदा’? सोसायट्यांत फिरणाऱ्या दाव्याला मुद्देसूद उत्तर

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. सोसायटी ही खासगी संस्था आहे. सर्वसाधारण सभेने बहुमताने ठराव केला की तो सगळ्यांवर बंधनकारक. त्यामुळे थकबाकीदाराचं पाणी तोडता येतं, लिफ्ट बंद करता येते, नियम मोडणाऱ्याला सभा ठरवेल तेवढा दंड लावता येतो, भाडेकरू ठेवायला कमिटीची एनओसी लागते, भाड्याने दिलेल्या फ्लॅटला दुप्पट मेंटेनन्स लावता येतो, आणि फ्लॅट विकताना ‘विकास निधी’ घेता येतो.

यातलं पहिलं वाक्यच चुकीचं आहे, आणि बाकी सगळी त्याच्यावर उभी आहेत. सोसायटी ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेली संस्था आहे. 2019 साली या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं, कलम 154 ब आणि त्याची पोटकलमं. उतरंड अशी: आधी कायदा, मग त्याखालचे 1961 चे नियम, मग सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी (बायलॉज), आणि सगळ्यात खाली सभेचा ठराव. वरच्या पायरीशी विसंगत ठराव शंभर टक्के मतांनी झाला तरी टिकत नाही. सभेला अधिकार आहेतच, आणि ते बरेच आहेत. पण उपविधींनी दिले तेवढेच.

एक खबरदारी आधीच सांगायला हवी. खाली ‘आदर्श उपविधी’ म्हटलंय ते सहकार खात्याने नमुना म्हणून दिलेले, 2014 चे. तुमच्या सोसायटीने ते स्वीकारून उपनिबंधकांकडे (सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे) नोंदवले असतील तरच ते जसेच्या तसे लागू. त्यामुळे वाद कोणताही असो, पहिलं काम म्हणजे शिक्का असलेली उपविधींची प्रत काढून वाचणं. दुकानात मिळणारं छापील पुस्तक आणि तुमची नोंदलेली प्रत यांत फरक असू शकतो. तुमची इमारत 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची असेल, तर तिथे खर्चाची विभागणी अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात होते आणि पुढचं बरंच गणित बदलतं. फिरणारा मेसेज हे दोन्ही प्रकार एकत्र कालवतो.

‘थकबाकीदाराचं पाणी तोडा, लिफ्ट बंद करा’

असा अधिकार कायद्यात नाही, नियमांत नाही, आदर्श उपविधींतही नाही. व्यवहारातही हा मार्ग सोसायटीच्याच अंगावर येतो. बहुतेक इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून येणारी उभी पाइपलाइन एकाखाली एक असलेल्या सगळ्या बाथरूमना पाणी देते. एका फ्लॅटसाठी वरचा व्हॉल्व्ह फिरवला की खालचे नियमित पैसे भरणारेही कोरडे राहतात. फक्त एकच जोडणी तोडायची तर डक्टमध्ये प्लंबर उतरवावा लागतो. मग तो सभासद न्यायालयात जातो, तातडीचा मनाई हुकूम मागतो, आणि ज्या वसुलीसाठी हे सगळं केलं ती बाजूला पडून कमिटी स्वतःचा बचाव करत बसते.

याची खरंच गरज नसते, कारण कायद्याने सोसायटीला वसुलीचा जो रस्ता दिलाय तो साध्या दिवाणी दाव्यापेक्षा कितीतरी धारदार आहे. कलम 154 ब-29 खाली (पूर्वी हेच काम कलम 101 करायचं) सोसायटी निबंधकांकडे अर्ज करते. चौकशीनंतर निबंधक वसुली दाखला देतात आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. वसुली अधिकारी नियम 107 प्रमाणे मागणी नोटीस देतो, मग जंगम मालमत्ता जप्त करतो, आणि शेवटी फ्लॅटच्या लिलावापर्यंत जाता येतं. दाखल्याविरुद्ध सभासदाला पुनरीक्षण अर्ज (दाखला वरच्या पायरीवर पुन्हा तपासून घेण्याचा अर्ज) करायचा असेल तर वसूलपात्र रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. केवळ वेळ काढण्यासाठी वरच्या पायरीवर जाणं त्यामुळे महाग पडतं.

अर्जासोबत काय जोडायचं? ज्या सर्वसाधारण सभेत मेंटेनन्सचा दर ठरला तिच्या इतिवृत्ताची प्रत. उपविधींतलं संबंधित कलम. थकलेल्या प्रत्येक महिन्याचं बिल. सभासदाच्या खात्याचा लेजर उतारा. लेखी मागणी नोटिसा (दोन-तीन पाठवण्याची पद्धत आहे) आणि त्या पोहोचल्याचा पुरावा. आणि वसुलीची कारवाई करण्याचा कमिटीचा ठराव.

अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा याच कागदांवर. बिलातला दर आणि ठरावातला दर जुळत नाही. नोटीस वॉचमनच्या हातून दिलेली असते आणि पोच नसते. रजिस्टर पोस्ट किंवा स्पीड पोस्टची पावती फाइलला लावून ठेवा. दंड, पार्किंग, जुन्या दुरुस्तीची वर्गणी आणि मेंटेनन्स असं सगळं एकाच ‘मागील बाकी’त ढकललेलं असतं, मग त्यातलं नेमकं काय देय आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

सगळ्यात मोठी गफलत व्याजाची. आदर्श उपविधींत थकबाकीवर जास्तीत जास्त 21 टक्के वार्षिक व्याज आहे, आणि ते सरळव्याज आहे. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये मात्र मागील बाकीवर, म्हणजे व्याजासकट रकमेवर, पुढचं व्याज चढतं. हिशेब करून बघा. दरमहा 4,000 रुपये बिल, 60 महिने एक पैसाही भरला नाही. मुद्दल 2,40,000. महिना 1.75 टक्के सरळव्याजाने व्याज 1,23,900, एकूण 3,63,900. तेच चक्रवाढीने एकूण सुमारे 4,18,700. जवळजवळ 55 हजारांचा हा फरक सभासदाच्या वकिलाला पहिल्याच तारखेला दिसतो, आणि सोसायटीच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो. सॉफ्टवेअरमध्ये मुद्दल आणि व्याज वेगळ्या रकान्यांत ठेवायची सेटिंग करून घ्या, आणि भरणा आला की तो कोणत्या रकान्यात आधी वळवायचा हे ठरवून लिहून ठेवा.

‘दंड सभा ठरवेल तेवढा’

दंड लावता येतो, हे बरोबर. पण आदर्श उपविधींत त्याला छत आहे: एका आर्थिक वर्षात एका सभासदाला सगळा मिळून जास्तीत जास्त 5,000 रुपये. ‘चुकीच्या जागी गाडी लावल्यास रोज 500’ असा बोर्ड गेटवर लागतो, तेव्हा ही मर्यादा दहाव्या दिवशीच संपलेली असते; अकराव्या दिवसापासून बिलात चढवलेला प्रत्येक रुपया वादाचा.

कार्यपद्धतीही ठरलेली आहे. कोणत्या भंगाला किती दंड हे आधी सर्वसाधारण सभेने ठरवायचं. भंग झाला की कमिटीच्या सूचनेवरून सचिव कारणे दाखवा नोटीस देतो. त्या नोटिशीत उपविधीचं कलम, तारीख, वेळ, जागा आणि शक्य असेल तर फोटो हवा. ‘आपण वारंवार नियम मोडत आहात’ एवढ्या मोघम वाक्याला कुणीही उत्तर देऊ शकत नाही आणि अशी नोटीस पुढे उपयोगी पडत नाही. सभासदाला म्हणणं मांडायची संधी द्यायची, आणि दंडाचा निर्णय सर्वसाधारण सभेने घ्यायचा. अध्यक्षांनी फोनवर सांगितलं आणि मॅनेजरने बिलात टाकलं, हा दंड नव्हेच.

5,000 ला कोण घाबरतं, असं कमिट्या विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की दंड हा एकमेव उपाय नाही. जिन्यात कपाट, पॅसेजमध्ये चपलांचे रॅक, सुटकेच्या वाटेवर सायकली, हा अग्निसुरक्षेचा विषय आहे. अग्निशमन दलाकडे लेखी तक्रार करता येते. अनधिकृत बांधकाम महापालिकेचं. रोजची दमदाटी पोलिसांची. आणि वारंवार उपविधी मोडणाऱ्याविरुद्ध सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात (सहकारी संस्थांचे वाद ऐकणाऱ्या न्यायालयात) मनाई मागता येते. यातल्या प्रत्येक ठिकाणी वर सांगितलेली व्यवस्थित लिहिलेली नोटीस हाच पहिला पुरावा ठरतो.

‘भाडेकरू ठेवायला एनओसी, आणि भाड्याच्या फ्लॅटला दुप्पट मेंटेनन्स’

आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने आठ दिवस आधी कळवायचं, लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. विवाहित असण्याची अट त्यात कुठेही नाही. अविवाहित मुलामुलींची ‘मुलाखत’ घेणाऱ्या कमिट्या हा अधिकार कुठून आणतात ते त्यांनी उपविधीत बोट ठेवून दाखवावं.

पैशांचं गणितही स्पष्ट आहे. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसलेल्या फ्लॅटवरचं जादा शुल्क) सेवा शुल्काच्या, म्हणजे वॉचमन, सफाई अशा सामाईक सेवांच्या आकारणीच्या, 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ते सेवा शुल्काच्या 10 टक्के. सगळ्या बिलाच्या नव्हे. समजा महिन्याचं बिल 5,000: मालमत्ता कर 1,100, पाणी 600, सेवा शुल्क 1,800, दुरुस्ती 900, लिफ्ट 300, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) 300. बिनभोगवटा शुल्क 180 रुपये होतं. कित्येक सोसायट्या एकूण बिलावर 500 लावतात, काही सरसकट 2,000. आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर 180 सुद्धा नाही.

‘मोठ्या फ्लॅटने सगळंच चौरस फुटांप्रमाणे भरायचं, सभेने ठरवलंय’

सभेच्या हातात नसलेला हा आणखी एक विषय. आदर्श उपविधींत प्रत्येक खर्चाचं माप वेगळं आहे. वॉचमन, सफाई, ऑफिस, सामाईक वीज, ऑडिट फी वगैरे सेवा शुल्क प्रत्येक फ्लॅटला समान. लिफ्टचा खर्चही समान, वापरा किंवा वापरू नका; तळमजल्यावरच्या सभासदाला ‘मी लिफ्टने जात नाही’ म्हणून सूट नाही. पाणी फ्लॅटमधल्या नळांच्या संख्येनुसार आणि आकारानुसार. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के, सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. क्षेत्रफळाचं माप विम्याला आणि भुईभाड्याला लागतं. चौरस फुटांच्या एका दराने बिल काढणं मॅनेजरला सोपं जातं, पण सभासदाने सहकार न्यायालयात आव्हान दिलं की मागच्या वर्षांचा हिशेब पुन्हा मांडायची वेळ येते.

‘विक्रीच्या वेळी विकास निधी’

9 ऑगस्ट 2001 च्या आदेशाप्रमाणे महापालिका क्षेत्रात हस्तांतरण प्रीमियम (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) जास्तीत जास्त 25,000 रुपये, छोट्या गावांत त्याहून कमी. शिवाय हस्तांतरण फी 500 आणि प्रवेश फी 100. देणगी, विकास निधी, लिफ्ट फंड अशा कोणत्याही नावाने यापेक्षा जास्त मागता येत नाही. कुटुंबातल्या व्यक्तीच्या किंवा वारसाच्या नावावर होताना प्रीमियम नाहीच. विक्रीलाही एनओसीची सक्ती नाही. 15 दिवसांची लेखी सूचना पुरते. सोसायटीने याच वेळी थकबाकी मात्र जरूर मागावी, तो तिचा हक्क आहे.

मेसेजमध्ये कधी कधी पाळीव कुत्र्यांवर बंदीही जोडलेली असते. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत बहुमतानेही अशी सरसकट बंदी मान्य नाही. घाण उचलण्याचा आणि सामाईक जागेत स्वच्छता राखण्याचा आग्रह धरता येतो.

आता उलट बाजूने येणारा युक्तिवाद. ‘कमिटी बेकायदा वागते म्हणून मी मेंटेनन्स भरणार नाही.’ यात नुकसान सभासदाचंच होतं. बिल किंवा नोटीस मिळून तीन महिने उलटले की तो कायद्याने थकबाकीदार ठरतो, कमिटीची निवडणूक लढवता येत नाही, आणि त्याच्या रास्त तक्रारीवर पहिलं उत्तर ‘आधी पैसे भरा’ असं मिळतं. वादातली रक्कम ‘हरकतीसह’ असं पत्र देऊन भरा, पत्राची पोच घ्या.

मग सचिवाकडे लेखी तक्रार द्या. कमिटीने ती पुढच्या बैठकीत घेऊन निर्णय कळवायचा असतो. तिथे काम झालं नाही तर योग्य दार ठोठवा. बिनभोगवटा शुल्क, जादा प्रीमियम, सभासदत्व नाकारणं, कागदपत्रांच्या प्रती न देणं: उपनिबंधक. सभेचे आणि कमिटीचे ठराव, गळती, पार्किंग, असमान पाणीपुरवठा, जादा आकारणी: सहकार न्यायालय. गळतीचा वाद घेऊन उपनिबंधकांकडे गेलात तर ते सहकार न्यायालयाकडे बोट दाखवतील, आणि तोपर्यंत पावसाळा निघून गेलेला असेल.