ब्राइटनेस नेमका किती कमी करायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: ३५० निट्सचा (निट म्हणजे स्क्रीनचा उजळपणा मोजायचं एकक) मॉनिटर घेऊन तो मिणमिणता का ठेवायचा, माझ्या सांगण्यावरून ब्राइटनेस २५ वर आणला तर फोटो मेल्यासारखा दिसला, आणि प्रिंट काळपट आली तो दोष लॅबचा.

२५ बद्दल आधी माफी मागतो. तो आकडा माझ्या मॉनिटरचा होता. तेवढाच उजेड तुमच्याकडे १० वर मिळेल, नाहीतर ४० वर. सांगायला हवे होते ते निट्स: प्रिंटसाठी साधारण ८० ते १२०.

इतके कमी का? कागदाला स्वतःचा उजेड नसतो. टेबलावर ५०० लक्स (पडणारा प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश पडत असेल तर पांढराशुभ्र कागद जेमतेम १४० निट्स परत देतो, ३०० लक्समध्ये ८५च्या आसपास. शेजारी स्क्रीन ३०० निट्सनी झगझगत असली की फोटो उजळ वाटतो आणि आपला हात आपसूक एक्स्पोजरचा, म्हणजे फोटोच्या उजळपणाचा, स्लायडर खाली ओढतो. मग फाइलच काळपट होते आणि प्रिंटही तशीच येते.

लॅबच्या चुका होतात, हिरवट चेहरे मीही परत पाठवलेत. पण काळपट प्रिंटवरून भांडण्याआधी त्या फाइलचा हिस्टोग्राम उघडा, म्हणजे फोटोत गडद भाग किती (डावीकडे) आणि उजळ किती (उजवीकडे) ते दाखवणारा आलेख. त्याला मॉनिटरच्या ब्राइटनेसशी काही देणंघेणं नाही. दिवसाउजेडी काढलेल्या साध्या फोटोचा सगळा डोंगर डावीकडे खेटलेला असेल, तर लॅबने तुम्ही दिलं तेच छापलंय. (एकच प्रिंट तीनदा काढायला लावल्यावर मला हे सुचलं होतं.)

मोजायचं यंत्र नसेल तर मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, ऑटो ब्राइटनेस बंद करा, स्क्रीनभर कोरं पांढरं पान उघडा. ज्या उजेडात प्रिंट बघणार त्याच उजेडात कोरा फोटोपेपर शेजारी धरा आणि दोन्ही पांढरे सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मात्र मॉनिटरच्याच बटणांनी. ग्राफिक्स कार्डाच्या स्लायडरने बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) तसाच राहतो आणि टोन, म्हणजे उजेड-सावलीच्या पायऱ्या, तेवढे कापले जातात. मग दहा मिनिटं उठून या. डोळे झगझगाटाला सरावलेले असतात, म्हणून आधी सगळं मेल्यासारखं वाटतं.

एवढं करूनही मॅट कागदावरच्या सावल्या स्क्रीनइतक्या खोल येणार नाहीत. तिथे सॉफ्ट प्रूफिंगच लागतं, म्हणजे त्या कागदावर फोटो कसा येईल ते आधी स्क्रीनवरच बघणं.

तुमची ती प्रिंट बघताना खोलीत उजेड कसा होता, ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.